न झालेल्या विक्रीची किंमत

भूसंपादनाच्या खटल्यात शेतकऱ्याची उलटतपासणी होते, तेव्हा ती एका ठरावीक साच्याच्या मराठीत उतरवली जाते. 'हे म्हणणे खरे नाही की, माझी जमीन मुरमाड होती. हे म्हणणे खरे नाही की, विहिरीस उन्हाळ्यात पाणी राहत नव्हते. हे म्हणणे खरे नाही की, वाढीव मोबदला मिळावा म्हणून मी खोटे सांगत आहे.' प्रत्यक्षात साक्षीदार फक्त 'नाही साहेब' एवढंच म्हणालेला असतो. त्या दोन शब्दांचं एवढं लांब वाक्य टंकलेखकाच्या यंत्रातून बाहेर येतं. पान-दीड पान 'खरे नाही'ने भरतं, खाली अंगठा किंवा सही होते आणि माणूस पिंजऱ्यातून उतरतो.

जिल्हा न्यायालयात अशा साक्षी ऐकताना एक गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. या माणसाचा पहिला आणि खरा नकार त्या कागदावर कुठेच नसतो. 'मला जमीन द्यायची नव्हती' हे वाक्य त्याने उच्चारलं, तरी त्याचा निकालाशी संबंध नसतो. १८९४ च्या भूमी संपादन कायद्याचं २४ वं कलम मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत त्यांची यादी देतं, आणि तिच्यात मालकाची जमीन सोडण्याबद्दलची अनिच्छा स्पष्ट शब्दांत आहे. त्याच्या आधीचं २३ वं कलम मात्र सांगतं की, संपादन सक्तीचं असल्यामुळे बाजारभावावर काही टक्के रक्कम जादा द्यावी. म्हणजे अनिच्छा पुढच्या दाराने बाहेर काढली आणि मागच्या दाराने टक्केवारीच्या रूपात आत घेतली. पूर्वी ती १५ टक्के होती, १९८४ साली ३० झाली, २०१३ च्या कायद्याने १०० झाली. कायद्याच्या मराठीत तिला 'दिलासा रक्कम' म्हणतात. कोर्टाच्या आवारात सगळे 'सोलेशियम' म्हणतात, आणि ज्याला ती मिळते त्याला दोन्ही शब्दांचा अर्थ विचारावा लागतो.

हे पुस्तक या खटल्यांबद्दल आहे. जमीन घ्यावी की घेऊ नये, धरण हवं की नको, महामार्ग कोणासाठी, या वादांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि तसं ते व्हायलाही हवं होतं. पण ते वाद संपल्यावर, मोर्चे घरी गेल्यावर, पंधरा-वीस वर्षं जे चालतं त्याबद्दल फारसं कोणी लिहिलेलं नाही. जमीन गेलेली असते, तिच्यावरून पाणी किंवा गाड्या वाहत असतात आणि दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर एकच प्रश्न उरतो: अमुक तारखेला एका राजीखुशीच्या विकणाऱ्याने एका राजीखुशीच्या घेणाऱ्याला ही जमीन विकली असती, तर ती किती रुपयांना गेली असती? विकणारा राजी नव्हता. घेणाऱ्याला घासाघीस करायची गरज नव्हती. त्या तारखेला कसलीही विक्री झालेली नव्हती. तरी त्या न झालेल्या विक्रीची किंमत पुराव्यानिशी सिद्ध करायची असते, आणि ती सिद्ध करण्याचा भार जमीन गेलेल्यावर असतो.

आधी शब्दांचं बघू, कारण या विषयात शब्दांनी माणसं बुडाली आहेत. पश्चिम महाराष्ट्रात 'मोबदला' म्हणतात, मराठवाड्यात 'मावेजा'. सरकारी कागदात 'नुकसानभरपाई' असते. मोबदल्यात अदलाबदलीचा भाव आहे, भरपाईत निदान नुकसान झाल्याची कबुली तरी आहे. पण सर्वांत फसवा शब्द 'निवाडा'. भूसंपादन अधिकारी रक्कम ठरवून जो आदेश काढतो त्याला निवाडा म्हणतात. गावाच्या कानाला निवाडा म्हणजे न्याय झाला, विषय संपला. कायद्यात तो निव्वळ सरकारने पुढे केलेला देकार आहे. १९०५ साली कलकत्त्याच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते सांगून टाकलं: अधिकारी इथे न्यायाधीश नव्हे, सरकारच्या वतीने किंमत सांगणारा माणूस आहे. देकार नाकारता येतो. निवाडा नाकारता येतो हे मात्र किती जणांना वेळेवर कळलं?

वेळ सहा आठवड्यांची होती. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तेव्हापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. तेवढ्यात कलम १८ चा अर्ज दिला, तरच प्रकरण कोर्टाकडे 'संदर्भ' म्हणून जाणार. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत निवाडा माहीत झाल्यापासून मोजायची असं ठरवलं, म्हणून काही वाचले. दुसरी अट आणखी बारीक. रक्कम उचलताना 'हरकत राखून' उचलली असं लिहिलेलं पाहिजे. मुकाट्याने पैसे घेतले तर वाढीव मागण्याचा हक्क गेला. दोन शब्द. धनादेश घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते दोन शब्द लिहायला सांगणारा जवळ कोणी असेल तर त्याच्या नातवाचं शिक्षण होतं, नसेल तर नाही. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी या दोन शब्दांवर बरंच काही कमावलं आहे हेही इथेच सांगून टाकतो. वकिलाला दाव्याच्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. तरी तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर टक्क्यांची भाषा ऐकू येते.

१८९४ चा कायदा असा का झाला, याला इतिहास आहे. बंगालमध्ये १८२४ पासून सक्तीच्या संपादनाचे नियम होते. १८५७ चा आणि १८७० चा कायदा आला तो रेल्वे, कालवे, रस्ते यांच्या घाईत. १८७० च्या कायद्यात मालकाशी किंमत जुळली नाही तर कलेक्टरला स्वतःहून कोर्टाकडे जावं लागे. यात सरकारचा खर्च फार होतो अशी ओरड झाली. १८९४ ने ते उलटं केलं: कलेक्टर ठरवेल, ज्याला पटणार नाही त्याने मुदतीत दार ठोठावावं. प्रक्रियेतला एवढासा बदल, पण त्यामुळे सरकारच्या दिरंगाईचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर आलं. पुढची १२० वर्षं ते तिथेच राहिलं.

या कायद्याशी मराठी मुलखाची गाठ मुळशीत पडली. १९२१ मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातल्या जमिनी घेण्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. त्या लढ्यात एक फट होती आणि ती आजच्या खटल्यांतही तशीच दिसते. मावळ्यांच्या पुष्कळशा जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावावर होत्या. ज्याचं नाव कागदावर, त्याला मोबदल्याची भाषा कळत होती. ज्याचा नांगर मातीत, त्याला जमीन हवी होती. पैशाचं मोजमाप पुढे आलं की लढणाऱ्यांची फळी आपसूक दुभंगते. धरण झालं. मुळशीनंतर शंभर वर्षांत महाराष्ट्रात धरणांची रांग लागली, आणि प्रत्येक धरणाच्या मागे संदर्भ अर्जांची एक रांग आहे.

आता किंमत. या पुस्तकाचा मोठा भाग किमतीच्या पुराव्यावर आहे, कारण खरी गंमत आणि खरी चीड तिथेच आहे.

बाजारभाव धरायचा तो १८९४ च्या कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या तारखेचा. तो सिद्ध करायचा मुख्य मार्ग म्हणजे आसपासच्या जमिनींची खरेदीखतं. इथे शेतकरी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडतो. गावात दहा लाखांचा व्यवहार झाला तर मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात चार लाख लिहायचे, उरलेले हातावर, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुढे त्याच शिवारात संपादन येतं आणि तेच चार लाखांचं खरेदीखत सरकारी वकील कोर्टात ठेवतो. साक्षीदार म्हणतो, खरा भाव दहाचा होता. म्हणजे तुम्ही सरकारची फसवणूक केली असं तुमचं म्हणणं आहे का? या प्रश्नाला काय उत्तर देणार! 'हे म्हणणे खरे नाही की...' तेवढ्यावर ते थांबतं. खेड्यात जमीन विकली जाते तीही बहुधा अडचणीत: मुलीचं लग्न, दवाखाना, बँकेची नोटीस. अडलेल्याचा भाव तोच गावचा भाव ठरतो. ज्या गावात चांगली जमीन कोणी विकतच नाही, तिथे चांगल्या जमिनीची किंमत सिद्ध करायला कागदच सापडत नाही.

रेडी रेकनरचा प्रवास याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. मुद्रांक शुल्क वसूल करायला सरकारने गावोगावचे दर ठरवले. शेतकरी म्हणाला, शुल्क घेताना हा दर तुम्हीच धरता, मग मोबदला देताना तोच धरा. न्यायालयांनी वर्षानुवर्षं सांगितलं की नाही, हे तक्ते शुल्कवसुलीपुरते आहेत, बाजारभावाचा पुरावा नव्हेत. २०१३ च्या कायद्याने मात्र मुद्रांक कायद्याखालच्या त्याच मूल्याला बाजारभावाच्या एका कसोटीचा मान दिला. दुसरी कसोटी मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी. जी रक्कम जास्त येईल ती धरायची. वरचं निम्मं धरणं म्हणजे खालच्या निम्म्यात खोटेपणा आहे हे कायद्याने न बोलता मान्य करणं, असं मला वाटतं.

१९८८ साली पुण्याच्या एका जमिनीवरून सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या विषयातलं बाराखडीचं पुस्तक आहे. कोणत्याही जिल्हा न्यायालयाचं निकालपत्र उघडा, त्याचा हवाला सापडतोच. त्यात जमिनीच्या गुणदोषांचा जमाखर्च मांडला आहे. तुकडा लहान, रस्त्याला लागून, दर्शनी रुंदी चांगली, वस्ती जवळ, आकार चौकोनी, हे जमेला. मोठं क्षेत्र, रस्त्यापासून आत, अरुंद पट्टी, खोलगट भाग भरून घ्यावा लागणार, हे खर्चाला. न्यायाधीशाने शहाण्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून हा हिशेब करायचा. निकाल उत्तम आहे, मी तो विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. पण वाचताना जाणवतं की त्यातली जमीन म्हणजे भूखंड आहे. पुण्याच्या कडेच्या जमिनीला ते बरोबरच होतं. तीच मोजपट्टी पैठणच्या काळ्या रानाला लावली की काय होतं? लहान भूखंडाचा भाव मोठ्या क्षेत्राला लावताना विकासाच्या खर्चापोटी साधारण एक तृतीयांश कापण्याची पद्धत आहे, कित्येक निकालांत त्याहून जास्त. भूखंड पाडायचे तर रस्ते, गटारं, मोकळी जागा सोडावी लागते, हे त्यामागचं कारण. मग धरणाच्या बुडिताखाली जाणाऱ्या रानातून कोणते रस्ते आणि कोणती गटारं वजा करायची? वकील हा प्रश्न दर वेळी विचारतात. काही न्यायालयांनी ऐकून घेतला आहे, काहींनी वजावट करून टाकली आहे.

शेतीची जमीन शेती म्हणून मोजायची तर वेगळे कागद लागतात. बागायतीला जिरायतीच्या साधारण दुप्पट भाव धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे सगळी लढाई 'बागायत' या एका शब्दासाठी होते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का? पीकपाहणीत ऊस लागला आहे की तलाठ्याने चावडीत बसून 'ज्वारी' लिहून टाकली? मग पंपाचं वीजबिल, कारखान्याची ऊसपट्टी, आडतीची पावती, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा. देवळीत ठेवलेल्या पिशवीतून हे चिटोरे निघतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की, या माणसाचं शेत आता एवढंच उरलं आहे.

झाडांबद्दल प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. मोबदल्याच्या फाइलीतल्या सगळ्या खोट्या नोंदींपैकी निम्म्या झाडांच्या आहेत. अधिसूचनेचा वारा लागताच मोकळ्या रानात एका रात्रीत डाळिंब उभं राहतं. संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात एकरी झाडं इतकी दाटतात की त्यांच्यामधून शेळीही जाणार नाही. यात शेतकरी एकटा नसतो. पंचनाम्यावर सह्या करणारे असतात आणि वाटा ठरलेला असतो. अशा फाइलींनी खऱ्या बागा असलेल्यांचं नुकसान केलं. न्यायाधीश प्रत्येक संत्र्याकडे संशयाने पाहू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे की, फळबागेची किंमत उत्पन्नावरून काढली तर त्यात जमीन आणि झाडं दोन्ही आली, पुन्हा जमिनीचे वेगळे पैसे मागायचे नाहीत.

एका बाबतीत कायद्याने दिलदारपणा दाखवला आहे, निदान तत्त्वात. विशाखापट्टणमच्या बंदराजवळ एका जमीनदाराच्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. १९२८ मध्ये हिवतापाच्या बंदोबस्तासाठी ती जमीन घेतली. झऱ्याला गिऱ्हाईक कोण? फक्त बंदर, आणि तेच जमीन सक्तीने घेत होतं. सरकारचं म्हणणं, दुसरा कोणी घेणाराच नाही तर झऱ्याला किंमत कसली? १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे फेटाळलं: घेणारा एकच असला तरी राजीखुशीने घेताना तो त्या गुणाचे पैसे मोजलेच असता, म्हणून ते मोजावे लागतील. राजीखुशीचा विकणारा-घेणारा हे सूत्र आपल्या न्यायालयांत रुजलं ते या खटल्यातून. पण त्याच २४ व्या कलमात दुसरी एक गोष्ट वर्ज्य आहे, ती म्हणजे संपादनानंतर होणाऱ्या वापरामुळे वाढणारी किंमत. रस्त्यात ज्याची जमीन गेली त्याला रस्ता नव्हता तेव्हाचा भाव. रस्त्याच्या कडेला ज्याची उरली त्याला रस्ता झाल्यानंतरचा. बांधाला बांध लागून असलेल्या दोन चुलतभावांत एक ढाबा टाकतो आणि दुसरा कोर्टाच्या तारखा करतो, ते यातूनच.

आणि तारखा म्हणजे व्याज. वर्तमानपत्रांत 'कोर्टाने मोबदला पाचपट केला' अशी बातमी येते, तेव्हा मी आधी हिशेब करून बघतो. जुन्या कायद्याखालचं एक साधं उदाहरण घ्या. अधिकाऱ्याने हेक्टरी एक लाख दिले, कोर्टाने चार लाख ठरवले. वाढ तीन लाखांची. तीस टक्के दिलासा ९०,००० रुपये. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के, दोन वर्षं धरली तर ७२,०००. झाले ४,६२,०००. ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के सरळ व्याज. ताब्यापासून पैसे हातात पडेपर्यंत पंधरा वर्षं गेली, तर पहिल्या वर्षाचे ४१,५८० आणि उरलेल्या चौदा वर्षांचे ९,७०,२००. एकूण १४,७३,७८० रुपये, आणि त्यातले दहा लाखांहून अधिक नुसत्या उशिराचे. हा उशीर शेतकऱ्याने केलेला नसतो. संदर्भ पाठवायला कार्यालयाला वर्षं लागतात, अपील मुदतीनंतर दाखल होतं, विलंब माफ होतो, स्थगिती मिळते. तरी सरकारी टिपणीत 'न्यायालयीन वाढीमुळे प्रकल्पखर्च वाढला' असंच लिहिलेलं असतं. दिलासा रकमेवर व्याज द्यायचं की नाही याच प्रश्नावर इतकी वर्षं मतभेद राहिले की २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांना तो सोडवावा लागला. उत्तर: द्यायचं.

शेजाऱ्याला वाढ मिळाली आणि आपण अर्जच केला नव्हता, अशा माणसासाठी १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आणलं. कोर्टाच्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज केला तर त्यालाही तोच दर. कल्पना गरिबाच्या बाजूची होती, पण 'निकाल' म्हणजे पहिला की कोणताही, हे ठरवण्यातच आणखी खटले झाले. त्याच दुरुस्तीने आणखी एक जुनी चूक काढली. तोपर्यंत सुरुवातीच्या नोटिशीला उत्तर देताना जेवढा आकडा मागितला त्याहून जास्त कोर्टाला देताच येत नसे, आणि सबळ कारण नसताना कोणी गप्प राहिला तर अधिकाऱ्याच्या आकड्यावर एक पैसाही चढत नसे. धसका घेऊन कमी मागणाऱ्यांच्या काही पिढ्या त्या नियमाने नागवल्या.

संविधानाची बाजू थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तिच्यावर मराठीतही ग्रंथ आहेत. १९५३ च्या अखेरीस पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'भरपाई' म्हणजे घेतलेल्याच्या तोडीचं मूल्य असं म्हटलं. संसदेने १९५५ मध्ये ते न्यायालयांच्या कक्षेतून काढलं, १९७१ मध्ये 'भरपाई' हा शब्दच काढून 'रक्कम' घातला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून उचलून कलम ३००-अ मध्ये ठेवला. जमीनदारी मोडण्यासाठी आखलेल्या या तरतुदींची झळ पुढे तीन एकरवाल्याला लागली.

कायद्याशिवायच जमीन घेतली तर? तसंही झालं आहे. ठाणे जिल्ह्यात औद्योगिक कारणासाठी १९६४ मध्ये अधिसूचना काढून ती तशीच विरू दिली, जमीन मात्र ताब्यात घेतली. शेतकऱ्यांना पैसे मिळाले नाहीत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं, नव्याने अधिसूचना काढून आजच्या हिशेबाने पैसे द्यायला लावले. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका बाईची जमीन अशीच घेतली. ती निरक्षर होती, पुढे विधवा झाली, आणि ऐंशीच्या घरात असताना, २०२० मध्ये, तिला न्याय मिळाला. सरकारचा बचाव काय होता? इतकी वर्षं जमीन आमच्या कब्जात आहे, म्हणून ती प्रतिकूल कब्ज्याने आमची झाली. लोककल्याणकारी राज्याला हा बचाव शोभत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला तो बचाव लिहिणाऱ्या टेबलावरच्या माणसाबद्दल कुतूहल आहे.

पैसा हा मोबदल्याचा एकमेव प्रकार नव्हे, हे महाराष्ट्राने थोडं लवकर ओळखलं. १९७६ साली आपण पुनर्वसनाचा कायदा केला: धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन. पण लाभक्षेत्रातली जमीन कोणाची तरी असतेच. ती ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर तिचं संपादन, म्हणजे एका विस्थापिताचं पुनर्वसन करताना दुसरा खातेदार संदर्भ अर्ज घेऊन त्याच कोर्टात. शिवाय पर्यायी जमीन हवी तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम भरा. पैसे आधीच देणी फेडण्यात, घर बांधण्यात, आजारपणात संपलेले असत आणि जमिनीचा हक्क कागदावरच राही. नवी मुंबईत वेगळी वाट निघाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि न्हावा-शेव्याच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत देण्याची योजना आली. पैशाच्या जोडीला जमिनीचाच हिस्सा देणारी ती देशातली लक्षणीय कल्पना. तिच्या अंमलबजावणीतले खटले हा पुन्हा वेगळा विषय.

१ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू झाला. १०० टक्के दिलासा, ग्रामीण भागात दुपटीपर्यंतचा गुणांक. खटले संपतील असं अनेकांना वाटलं. त्याच महिन्यात पुण्याच्या वन-उद्यानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नव्या कायद्याच्या कलम २४(२) चा अर्थ असा लावला की, मालकाला पैसे दिले नाहीत आणि कोर्टातही भरले नाहीत, नुसते सरकारी तिजोरीत ठेवले, तर जुनं संपादन रद्द. देशभर रद्दतेचे अर्ज पडले. ६ मार्च २०२० रोजी इंदूरच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी हा अर्थ मोडीत काढला: ताबा न घेणं आणि पैसे न देणं, दोन्ही असेल तरच रद्द. सहा वर्षं आशेवर बसलेल्यांच्या फाइली एका दिवसात बदलल्या. राष्ट्रीय महामार्गांची तर वेगळीच चूल. तिथे मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो, लवाद केंद्र सरकार नेमतं आणि तो बहुधा जिल्हाधिकारी किंवा आयुक्त असतो. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरसाठी सरकारने थेट खरेदीवर भर दिला, संमती देणाऱ्याला २५ टक्के जादा दिले, आणि खटले बरेच टळले. सरकार खरंच गिऱ्हाईक म्हणून दारात आलं की काय होतं याचा तो एक नमुना. संमती किती मनापासून होती हे गावागणिक वेगळं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वसुलीचं आहे. हुकूमनामा हाती आला तरी पैसे येत नाहीत. दरखास्त करावी लागते, जप्तीचं वॉरंट निघतं, बेलिफ कार्यालयात जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची, संगणक, गाडी यांची यादी करतो. छायाचित्र छापून येतं. मग साहेब महिन्याची मुदत मागतात आणि खुर्ची जागेवर राहते. मार्च २०१७ मध्ये लुधियानाच्या न्यायालयाने रेल्वेने थकवलेल्या मोबदल्यापोटी एका शेतकऱ्याच्या बाजूने थेट स्वर्ण शताब्दी एक्सप्रेसच्या जप्तीचा आदेश दिला होता. आदेशाचा कागद स्टेशनवर गाडीपर्यंत पोचला, आणि थोड्याच वेळात गाडी प्रवासी घेऊन पुढे निघून गेली.

दरखास्तीच्या वरच्या पानावर अर्जदारांची नावं असतात. मूळ नावापुढे 'मयत' लिहून खाली वारस: १अ, १ब, १क. मग १अ मयत, त्याचे वारस १अ(१), १अ(२). एका प्रकरणात साक्षीला उभा राहिलेला मुलगा धरण भरल्यानंतर जन्मलेला होता. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही ही जमीन कधी पाहिली आहे का? तो म्हणाला, नाही. मग तुम्हाला तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही, हे खरं ना? त्यावर त्याने साचा मोडला आणि चतुःसीमा सांगितल्या. पूर्वेला ओढा, पश्चिमेला चुलत्याचं रान, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला म्हसोबाचा माळ. न्यायाधीशांनी सातबारा आणि जुना नकाशा मागवून पडताळून पाहिलं. चारही दिशा बरोबर होत्या.